देवगावचा तह आणि वऱ्हाडवर राज्य करणारा वकील

'वकील' म्हटले की आज डोळ्यांसमोर काळा कोट आणि न्यायालयाची पायरी उभी राहते. दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. धन्याचे म्हणणे तेथे मांडावे, तेथली बातमी इकडे लिहावी, रुसवेफुगवे सांभाळावेत आणि तह ठरला तर शिक्का करावा, हे त्याचे काम. तो अर्थ आता एकाच शब्दात उरला आहे. परदेशी दूतावासाला आपण अजूनही 'वकिलात' म्हणतो.

मित्रहो, आजचा धागा थोडा लांब आहे आणि तो त्या जुन्या अर्थाच्या वकिलाविषयी आहे. तो सुरू होतो परतवाड्यापासून.

मी परतवाड्यात वाढलो. सागवानाच्या वखारी, हंगामात संत्र्यांच्या गाड्या, चिखलदऱ्याला जाणाऱ्यांची वर्दळ, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. आमचे गाव जुने नाही. जुने ते शेजारचे अचलपूर, कागदपत्रांतले एलिचपूर, शतकानुशतके वऱ्हाडची राजधानी. परतवाडा ही त्याच्या कुशीत वसलेली छावणी. छावणी इंग्रजांची, असे लहानपणी ऐकत आलो. पुढे इतिहास शिकू लागल्यावर कळले की ते अर्धेच खरे आहे. येथील फौज नावाने हैदराबादच्या निजामाची होती, तिचे अधिकारी इंग्रज होते, आणि तिच्या पगाराच्या थकबाकीपायी सबंध वऱ्हाड निजामाच्या हातून गेले. गेले ते कोणाच्या हाती? १८५३ ते १९०३ अशी पन्नास वर्षे वऱ्हाडच्या कारभाराचा सर्वोच्च अधिकारी होता हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट. म्हणजे परक्या दरबारी नेमलेला एक वकील.

राजदूताने यजमान राजाच्याच प्रांताचा कारभार पाहावा, ही गोष्ट आजच्या राजनयाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. ती कशी घडली हे पाहायचे तर परतवाड्याजवळच्याच एका गावी जावे लागते. गावाचे नाव देवगाव, आणि तारीख १७ डिसेंबर १८०३.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. मराठे तलवारीचे धनी आणि इंग्रज मुत्सद्देगिरीचे, असे चित्र आपल्याकडे फार सहज रंगवले जाते. ते चुकीचे आहे. पेशव्यांच्या वतीने हिंगणे घराण्याने दिल्लीची वकिली पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. निजामाच्या दरबारी नाना फडणविसांचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रे आज वाचली तरी माणसे ओळखण्याची त्यांची हातोटी जाणवते. जासूद, हरकारे, अखबार, सांकेतिक लिखाण यांतले काहीही मराठ्यांना शिकवावे लागले नाही.

नागपूरकर भोसलेही यात मागे नव्हते. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात त्यांचा वकील बेनीराम पंडित कलकत्त्यास असे. १७८१ मध्ये काशीच्या चेतसिंहाने उठाव केला, हेस्टिंग्जला जीव वाचवून चुनारला पळावे लागले, आणि त्या कठीण प्रसंगी हाच बेनीराम त्याच्यासोबत राहिला व पैशाची मदत देऊ लागला. पुढे हेस्टिंग्जने त्याला जहागीर दिली. या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. वकिलाने यजमानाशी इतके सख्य जोडावे, हे त्याच्या कौशल्याचे लक्षण. पण ज्या दरबारी आपण धन्याचे हित पाहायचे त्याच दरबाराची जहागीर खाणारा वकील संकटाच्या वेळी कोणाचा? जुन्या पद्धतीत हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. वकिली हा माणसाचा आणि घराण्याचा व्यवहार होता.

इंग्रजांची नागपूरची वाट मात्र बराच काळ खडतर होती. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने नागपूरला धाडलेला अलेक्झांडर एलियट सारंगगढच्या मुलखात वाटेतच मेला. बंगालपासून इंग्लंडपर्यंत खुश्कीने प्रवास केलेला जॉर्ज फॉर्स्टर १७९१ मध्ये नागपुरातच वारला. १७९९ मध्ये आला हेन्री कोलब्रुक, संस्कृतचा मोठा अभ्यासक. त्याला वेदांचा शोध लागला, परंतु भोसल्यांशी हवी ती युती जुळली नाही, आणि १८०१ मध्ये तो परतला. दुसरे रघूजी भोसले इंग्रजांना दूर ठेवूनच बोलत. कायमची वकिलात नागपुरात बसवू द्यायची नाही, हा त्यांचा कल स्पष्ट दिसतो, आणि तो शहाणपणाचा होता असे मला वाटते.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पेशवा इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांना तो मान्य होणे शक्य नव्हते. या वेळी शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा रेसिडेंट होता कर्नल कॉलिन्स. मे १८०३ मध्ये त्याने दौलतरावास सरळ विचारले की तुमचा इरादा काय? उत्तर आले की भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की तह ते कळवू. इंग्रजांनी हे उत्तर धमकी म्हणून उचलले आणि पुढे प्रत्येक खलित्यात घोळवले. पण ज्याचा मित्र अजून पोहोचायचा आहे असा माणूस दुसरे काय सांगणार? ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. वकील निघून गेला की युद्ध आले, ही खूण तेव्हा सर्वांना कळत असे. आठवड्याच्या आतच अहमदनगरच्या पेठेवर हल्ला झाला.

दख्खनेतील फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. लढाया आपण शाळेत पाठ करतो, पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून निसटते. जूनमध्येच गव्हर्नर जनरलने त्याला लष्करी अधिकारांबरोबर राजकीय अधिकारही पूर्ण दिले होते. लढणारा आणि तह करणारा माणूस एकच. समोर शिंदे आणि भोसले असे दोन धनी, त्यांचे वेगवेगळे वकील, वेगवेगळी गाऱ्हाणी. प्रत्येक वाक्यासाठी धन्याकडे काशीद पाठवायचा. वेलस्लीला तंबूतच निर्णय घेता येत होता.

२३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. बरोबर दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलाने लढाई थांबवण्याचा करार केला. अट अशी, की शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या पूर्वेस वीस कोसांवर जाऊन राहावे. भोसले या करारात नव्हते. दोघा मित्रांना असे वेगळे करणे, ही त्या सबंध मोहिमेतली सर्वांत परिणामकारक चाल होती, आणि तीत एकही गोळी सुटली नाही. शिंद्यांची फौज हलली नाही. ती २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या आडगावच्या मैदानात, रघूजींचे बंधू व्यंकोजी यांच्या फौजेशेजारी उभी दिसली. वेलस्लीच्या छावणीत शिंद्यांचे वकील होतेच. हल्ला करू नका, अशी विनवणी त्यांनी परोपरीने केली. उत्तर मिळाले की भोसल्यांशी तहकुबी झालेलीच नाही, आणि शिंद्यांशी झालेली अट पाळल्याशिवाय लागू नाही. दुपार टळल्यावर लढाई झाली आणि मराठी फौज मोडली.

त्या वकिलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कागदावर आपण शिक्का केला आहे, धन्याने तो पाळलेला नाही, आणि आता त्याच धन्याच्या फौजेवर तोफा चालताना शत्रूच्या तंबूत बसून ऐकायच्या आहेत.

५ डिसेंबरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या दोन्ही फौजा अचलपुरास पोहोचल्या. आडगावच्या जखमींसाठी येथे रुग्णालय उभारले गेले. ७ तारखेला फौजा निघाल्या. वेलस्ली गाविलगडाच्या दक्षिणेस, आणि स्टीव्हन्सन डोंगरात शिरून उत्तरेच्या बाजूस. मेळघाटच्या त्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. पाच दिवस अवजड तोफा माणसांनी हातांनी ओढत डोंगर आणि दऱ्या ओलांडून नेल्या, आणि ज्या रस्त्याने नेल्या तो रस्ताही आधी त्यांनीच तयार केला. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधायला सुरुवात झाली आणि १५ तारखेला सकाळी किल्ल्यावर हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढत पडला. नागपूरकरांचा दख्खनेतील सर्वांत भरवशाचा गड तीन दिवसांत गेला.

हल्ला करणाऱ्या फौजेबरोबर तटाच्या खिंडारातून आत शिरलेल्यांत एक चोवीस वर्षांचा मुलकी तरुण होता. लढणे त्याचे काम नव्हते. तो वेलस्लीचा दुभाष्या आणि राजकीय चिटणीस. जॉन मालकम आजारी पडल्यामुळे ही जागा त्याला मिळाली होती. नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईतील ज्या महाविद्यालयाच्या नावाने आपण त्याला ओळखतो, ते पुष्कळ पुढचे. गाविलगडावरच्या शार्दूल दरवाजाजवळ बसलो की हा माणूस माझ्या मनात येतो. माझ्याहून वयाने लहान, ग्रीक आणि फारसी वाचणारा, आणि दोन दिवसांनी एका राज्याचे भवितव्य ठरवणाऱ्या बैठकीत दोन्ही बाजूंचे शब्द ज्याच्या तोंडून जाणार होते असा.

गड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, वेलस्लीच्या देवगावच्या छावणीत तह झाला. भोसल्यांच्या वतीने शिक्का केला वकील यशवंतराव रामचंद्र यांनी. बोलणी आधीपासून चालू होती आणि यशवंतरावांनी घासाघीस सोडली नव्हती, परंतु गाविलगड गेल्यावर त्यांच्या हाती देण्यासारखेच उरले, घेण्यासारखे काही उरले नाही. बालासोर बंदरासह कटक प्रांत कंपनीकडे गेला, आणि बंगाल व मद्रास यांच्यामधला किनारा इंग्रजांना सलग मिळाला. वर्धा नदी ही सीमा ठरली. नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांनी सोडले. या मुलखात तोवर निजाम आणि भोसले या दोघांचाही अंमल चाले, रयतेला दोन्हीकडे वसूल भरावा लागे. आता ते सबंध निजामाच्या पदरी पडले. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि चार लाख महसुलाचा आसपासचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. गंमत अशी, की वऱ्हाड गेल्यावरही इंग्रजी कागदांत नागपूरचा राजा 'बेरारचा राजा'च राहिला.

तहाचे आणखी एक कलम आहे. मुलूख मोजणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि या धाग्याचे कारणच ते आहे. उभयतांमधील स्नेह दृढ व्हावा म्हणून प्रत्येकाचा अधिकृत वकील दुसऱ्याच्या दरबारी राहील, असे ते कलम. शब्द अगदी समसमान. नागपूरचा वकील तुमच्याकडे, तुमचा आमच्याकडे. रघूजींनी जी गोष्ट इतकी वर्षे टाळली होती, ती इतक्या सौम्य भाषेत तहात शिरली.

येथे थोडे आडवळण घेतो. त्याच महिन्यात, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी अंजनगावला. पानमळ्यांचे हे गाव परतवाड्याहून फार दूर नाही. शिंद्यांच्या बाजूने आले होते वृद्ध मुत्सद्दी विठ्ठलपंत. बोलणी कितीही तापली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. पत्त्यांच्या जुगारात ज्याच्या तोंडावरून हातातले पान ओळखता येत नाही अशा खेळाडूवरून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना 'ओल्ड ब्रॅग' असे नाव ठेवले. मालकमच्या चरित्रात आलेली आठवण अशी, की पुढे पॅरिसमध्ये त्याने वेलिंग्टनला विचारले, हा तालेराँ कसा माणूस आहे? उत्तर मिळाले की पुष्कळसा आपल्या ओल्ड ब्रॅगसारखाच, पण तितका हुशार नाही. सबंध युरोपला खेळवणाऱ्या फ्रेंच मुत्सद्द्याहून अंजनगावी भेटलेला म्हातारा त्याला सरस वाटला. तरीही तहात शिंद्यांचे अहमदनगर, भडोच आणि दुआबाचा मुलूख गेलाच. वकील कितीही निपुण असला तरी मागे उभी फौज नसेल तर त्याला मुलूख वाचवता येत नाही.

१८०४ मध्ये एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून रुजू झाला. सीताबर्डीच्या टेकड्यांपाशी रेसिडेन्सी उभी राहिली. कलम समसमान होते, मग तराजू एका बाजूला कसा कलला?

मला यात मोठा भाग कागदांचा दिसतो. मराठी वकिलाचे दफ्तर त्याच्या घरी राही. हिंगण्यांचे दफ्तर हिंगण्यांचे. वकील मेला, रुसला वा बदलला की माहितीचा धागा तुटे. रेसिडेंट बदलला तरी रेसिडेन्सीचे दफ्तर जागचे हलत नसे. एल्फिन्स्टन १८०८ मध्ये काबूलच्या शिष्टाईवर गेला, त्याच्या जागी रिचर्ड जेंकिन्स आला, आणि आदल्या माणसाची सारी पत्रे त्याच्या टेबलावर होती. जेंकिन्स १८२७ पर्यंत नागपुरात राहिला. वीस वर्षांत त्याने दरबारातील कोण कोणावर रुसला आहे, कोणाची थकबाकी किती आहे, हे दरबारी मंडळींपेक्षा बारकाईने टिपले असेल. आणि ही माहिती नागपुरातच थांबत नव्हती. पुणे, हैदराबाद, ग्वाल्हेर येथील रेसिडेंटांची पत्रे एकमेकांना आणि कलकत्त्याला जात. पुण्याला काय शिजते आहे हे नागपूरच्या भोसल्यांआधी नागपूरच्या रेसिडेंटला कळे. या पत्रव्यवहाराचा नागपूरविषयक खंड पुढे आपल्याच बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी संपादित केला. वऱ्हाडच्या इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाने तो एकदा तरी चाळावा.

तरीही रेसिडेंट या काळात केवळ हुकूम सोडणारा नव्हता. देवगावच्या तहात कंपनीने भोसल्यांच्या काही मांडलिकांशी केलेले करार मान्य करण्याचे एक कलम होते. त्या यादीत कोण कोण, यावरून रघूजी अडून बसले. संबळपूर आणि पाटणा त्यांना सोडायचे नव्हते. एल्फिन्स्टनने दबाव आणला आणि यादी मान्य करून घेतली. पण रघूजींनी तक्रार जागी ठेवली, कलकत्त्यात गव्हर्नर जनरल बदलले, आणि १८०६ मध्ये हे दोन्ही मुलूख नागपूरला परत मिळाले. म्हणजे दोन दरबारांतला संवाद अजून जिवंत होता, हट्टाला किंमत होती. दुसऱ्या रघूजींना 'हरलेला राजा' म्हणून एका ओळीत गुंडाळणाऱ्यांनी हे प्रकरण पाहावे. तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत स्वीकारली नाही.

ते वारले २२ मार्च १८१६ रोजी. मुलगा परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ, पुतण्या आप्पासाहेबांना सत्ता हवी. जेंकिन्स जणू याच दिवसाची वाट पाहत होता. २७ मे रोजी आप्पासाहेबांशी तैनाती फौजेचा तह झाला. साडेसात लाख रुपये वार्षिक खर्च, आणि इतर राज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. या एका अटीने नागपूरचे राजनयिक अस्तित्वच मिटले. ज्या राज्याला दुसऱ्या राज्याशी स्वतंत्रपणे बोलता येत नाही, त्याने वकील तरी कोणाकडे पाठवायचा?

पुढच्या वर्षी ठिणगी पडली ती एका समारंभावरून. आप्पासाहेबांना पेशव्यांकडून सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रे आली. भोसल्यांच्या दृष्टीने हा वडिलोपार्जित मान. परंतु ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झालेली होती. आमच्या शत्रूने दिलेली वस्त्रे तुम्ही स्वीकारू नयेत, असे जेंकिन्सने बजावले. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी ती समारंभपूर्वक स्वीकारली. २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. राजाने कोणता पोशाख घ्यावा हे वकिलातीतला माणूस ठरवू लागला होता. आप्पासाहेब हरले. जानेवारी १८१८ च्या तहनाम्यात गाविलगड आणि नरनाळा हेही गेले, आणि १८२२ मध्ये ते निजामाच्या हद्दीत आले. वऱ्हाडशी नागपूरचा शेवटचा धागा येथे तुटला.

आता आपल्याला दुसऱ्या रेसिडेन्सीकडे वळावे लागेल, कारण वऱ्हाड निजामाचे झाले आणि निजामाच्या दारीही एक वकील बसला होता.

हैदराबादला कोटी भागात, मुसी नदीच्या काठी, जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिकच्या काळात भव्य रेसिडेन्सी बांधली गेली. उंच खांब, रुंद पायऱ्या, आणि ती बांधण्याचा खर्च निजामाचा. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या पैशांवर, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी केली. तीच वाढत जाऊन 'हैदराबाद कॉन्टिन्जंट' झाली. तिचे एक महत्त्वाचे ठाणे एलिचपूरची छावणी, म्हणजे आमचे परतवाडे. फौज कोणत्याही तहात धड बसत नव्हती, पण पगार मात्र निजामाने वेळेवर द्यायचा. तो थकू लागला की विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडून चढ्या व्याजाने कर्ज. कर्ज फेडायला पुन्हा कर्ज. सावकाराच्या पाशात सापडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट वऱ्हाडला नवी नाही, येथे फक्त कुळाच्या जागी राजा होता.

२१ मे १८५३ रोजी रेसिडेंट कर्नल लो याने निजामाकडून तह करून घेतला. कॉन्टिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, उस्मानाबादकडील नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात. १८६० मध्ये बाकीचे परत दिले गेले, वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. मालकी निजामाची, महसूल व अंमल इंग्रजांचा. नाव पडले 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. वऱ्हाडी रयत कायद्याने निजामाची प्रजा, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळ्या हुकमाने आणावे लागत. आणि वऱ्हाडच्या कमिशनरचा वरिष्ठ कोण? हैदराबादचा रेसिडेंट.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि नागपूरही खालसा झाले. तेथला शेवटचा रेसिडेंट मॅन्सेल हाच नागपूर प्रांताचा पहिला कमिशनर झाला. वकिलाची खुर्ची तशीच राहिली, फक्त दारावरची पाटी बदलली. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते याच सुमारास लंडनहून रिकाम्या हाती परतत होते. छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन ते चौदा वर्षे तेथे झगडले. ज्या राज्याचे वकील म्हणून ते गेले ते राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत १८४८ मध्ये खालसा झाले, आणि ऐकून घेणाऱ्यांना त्यांना वकील म्हणून मानण्याचे कारणच उरले नाही.

हैदराबादचे राज्य मात्र उरले होते, आणि त्याचा दिवाण सालारजंग हा चिवट माणूस होता. वऱ्हाड परत मागण्याचा नाद त्याने सोडला नाही. कॉन्टिन्जंटचा खर्च आम्ही दुसऱ्या तऱ्हेने भागवतो, आमचा प्रांत द्या, असे तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला. १८७६ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा हा प्रश्न त्याच्याबरोबर होता. पण निजाम सरकारला हिंदुस्थान सरकारशी पत्रव्यवहार करायचा तो रेसिडेंटमार्फतच. म्हणजे वऱ्हाड परत द्या, हा अर्ज ज्याच्या हातातून पुढे जायचा तोच वऱ्हाडचा कारभार पाहणारा.

शेवट झाला १९०२ मध्ये. लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार रेसिडेंटकडून काढून मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोपवला गेला, आणि वऱ्हाडची दफ्तरे पुन्हा नागपूरच्या दिशेने निघाली, पण आता नागपुरात भोसल्यांचे राज्य नव्हते. दोन वर्षांनी एलिचपूर जिल्हाही मोडून अमरावतीत विलीन करण्यात आला. निजामाची मालकी कागदावर इतकी शिल्लक होती की १९३६ मध्ये त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. त्याच्या नावात वऱ्हाड होते आणि वऱ्हाडात त्याचे काही नव्हते.

देवगावच्या कागदावर एका बाजूला वेलस्लीची आणि दुसऱ्या बाजूला यशवंतराव रामचंद्रांची खूण आहे. परस्परांचे वकील परस्परांच्या दरबारी राहतील, हे वाक्य दोघांनी मिळून मान्य केलेले. हैदराबादला कोटीची ती रेसिडेन्सी अजून उभी आहे. स्वातंत्र्यानंतर तेथे मुलींचे महाविद्यालय आले. पुढच्या वेळी हैदराबादला गेलात तर त्या पायऱ्यांवर क्षणभर थांबा, आणि आमच्या परतवाड्याकडे आलात तर चिखलदऱ्याची वाट धरण्यापूर्वी देवगाव कोठे आहे ते विचारा.